वास येतो, पण थेंब दिसत नाही

जुन्या गाड्यांच्या पेट्रोल आणि डिझेल पाइपांबद्दल बरीच पत्रं साठली होती. एकेक करून उत्तरं देण्यापेक्षा या वेळी ती सगळी एकत्रच घेते, कारण एका पत्राचं उत्तर दुसऱ्याच्याही कामाचं आहे. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत. ३३ वर्षं वर्कशॉप चालवलं, त्यातला मोठा भाग गाडीखाली उताणी पडून गेला. तिथून जे दिसलं तेच लिहिते आहे.

प्रश्न : माझी कार्बोरेटरवाली मोटार १९९१ सालची आहे. वडिलांची होती, त्यामुळे विकवत नाही. गेला महिनाभर सकाळी गॅरेजचे दार उघडले की पेट्रोलचा वास येतो. चालवताना येत नाही. दोन मेकॅनिकना दाखवली. दोघांनीही इंजिन चालू ठेवून वाकून पाहिले. कुठे थेंब नाही, जमिनीवर डाग नाही. ‘जुनी गाडी आहे, थोडा वास यायचाच’ असे दोघेही म्हणाले. हे खरे आहे का? मला स्वतःला काही तपासता येईल का?

नाही, हे खरं नाही. वय झालं म्हणून गाडीला वास येत नाही. वास येतो तो पेट्रोल बाहेर पडतंय म्हणून. तुम्ही महिनाभर थांबलात हे मला बरं वाटलं नाही, पण दोघा जाणकारांनी तसं सांगितल्यावर तुम्ही तरी काय करणार होतात?

आधी गॅरेजचं बघू. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते आणि खड्डा असेल तर त्यात साठून राहते. हवेत ती साधारण १.४ ते ७.६ टक्के झाली की एक ठिणगी पुरते, आणि पेट्रोलला वाफ धरायला उन्हाची गरज नसते, उणे ४० अंशांच्या आसपाससुद्धा पेट घेण्याइतकी वाफ त्यातून निघते. म्हणून उद्या सकाळी दार उघडल्यावर वास आला तर दिव्याचं बटण दाबू नका, आणि चालू असलेला दिवा बंदही करू नका. दार सताड उघडं ठेवा, दहा-पंधरा मिनिटं वारं खेळू द्या, मग गाडी न्यूट्रलमध्ये टाकून ढकलत बाहेर काढा. स्टार्टर मारायचा तो बाहेरच. आणि दोष सापडेपर्यंत गाडी बंद गॅरेजात ठेवू नका, विशेषतः ते गॅरेज घराला लागून असेल आणि आत गिझरची किंवा कसलीही ज्योत असेल तर.

आता एक शंका मेकॅनिकच्या बाजूनेही घेऊ. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग. कार्बोरेटरवाली गाडी गरम असताना बंद केली की इंजिनची ऊब वर चढते आणि कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडायला लागतं. त्याचा वास येतो, आणि तो दोष नव्हे. बंद जागेत तो सकाळपर्यंत रेंगाळूही शकतो. तो आहे की गळती आहे हे ठरवायची साधी युक्ती सांगते. संध्याकाळी गाडी चालवून आलात की तीन-चार तास बाहेरच उभी ठेवा. इंजिन पूर्ण गार झालं की चालू न करता ढकलत निवाऱ्याला घ्या, पण उघड्या, वाऱ्याच्या जागी. सकाळी बॉनेट उघडून नाक जवळ न्या, मग मागच्या चाकाशी, टाकीजवळ. गार गाडीलाही वास असेल तर तो वाटीतला नाही, कुठेतरी पाइप, जोड किंवा टाकी सोडते आहे.

तुमच्या दोन्ही मेकॅनिकना थेंब का दिसला नाही, याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. त्यांनी चालू, म्हणजे गरम इंजिन पाहिलं. तापलेल्या लोखंडावर पेट्रोलचा पाझर थेंब होईपर्यंत थांबतच नाही, आधीच उडून जातो. गळती शोधायची तर गाडी रात्रभर उभी राहिलेली हवी, आणि पहिली नजर स्टार्टर मारण्याआधी.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. जवळ ड्राय पावडरचा किंवा फोमचा अग्निशामक ठेवा, पाण्याची बादली नको, कारण पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं. एलईडी टॉर्च गाडीपासून दूर असतानाच लावून घ्या. तारेला लटकणारा काचेचा दिवा अजिबात नको, तो हातातून निसटून फुटला की आतली तापलेली तार उघडी पडते. गाडीखाली जाणार असाल तर जॅकवर भरवसा ठेवू नका, स्टँड लावा. खड्ड्यात उतरून हे काम करू नका, वाफ तिथेच बसलेली असते. डोळ्यांवर चष्मा हवा. आणि पेपर नॅपकिनची पांढरी घडी.

मग पेट्रोल ज्या वाटेने जातं त्याच वाटेने निघायचं. टाकी भरायच्या तोंडापासून टाकीपर्यंतचा जाड रबरी पाइप, त्याच्याशेजारचा हवेचा बारीक पाइप, टाकीच्या डोक्यावरचं, पेट्रोल किती आहे ते दाखवणाऱ्या काट्याचं युनिट, टाकीतून बाहेर पडणारा जोड, तिथला रबरी तुकडा, मग चासीलगत पुढे येणारा लोखंडी पाइप, पुन्हा रबर, पंप, फिल्टर, कार्बोरेटर. रिटर्न लाइन, म्हणजे जादा पेट्रोल टाकीत परत नेणारा पाइप असेल तर तीही. तिच्यात प्रेशर नसतं म्हणून सगळे विसरतात, पण रबर तर तेवढंच जुनं असतं.

थेंब शोधू नका, खुणा शोधा. जुन्या गाडीच्या अंगावर तेल आणि धुळीचा एक काळा थर बसलेला असतो. पेट्रोल तो थर विरघळवतं. म्हणून जिथे पाझर आहे तिथे मळ जास्त दिसत नाही, उलट एक स्वच्छ ओघळ दिसतो, जणू कुणी ओल्या बोटाने रेघ ओढली आहे. जोड बऱ्याच दिवसांपासून पाझरत असेल तर कडेला तपकिरी, चिकट, लाखेसारखा डाग धरतो. पेट्रोल उडून गेल्यावर मागे उरलेला तो गाळ. या दोन खुणा जमिनीवरच्या डागाच्या कितीतरी आधी दिसतात. प्रत्येक जोडाभोवती नॅपकिनची स्वच्छ घडी दाबून फिरवा आणि कागद गाडीपासून चार पावलं लांब नेऊन हुंगा. गाडीशेजारीच हुंगला तर सगळ्याच घड्यांना वास येईल. घड्या वेगवेगळ्या ठेवा, कुठली कुठल्या जोडाची ते लक्षात ठेवा.

रबरी पाइप चिमटीत दाबून बघा. चांगला पाइप दबतो आणि लगेच मूळ आकाराला येतो. काडीसारखा कडक लागला तर गेला. दाबल्यावर भिजल्यासारखा मऊ लागला, बोटाला काळं लागलं, तरी गेला. नंतर हलकेच वाकवा आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला बघा. सरळ असताना न दिसणाऱ्या केसासारख्या भेगा तिथे तोंड उघडतात. वाकवताना मोडेल असं वाटलं तर जोर लावू नका, निर्णय झालाच आहे. काही जुन्या गाड्यांत वरून सुती वीण असलेला पाइप असतो. त्याची वीण शाबूत दिसते आणि आतलं रबर केव्हाच चिरलेलं असतं. तो मी बघत बसत नाही, बदलते.

सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे क्लिपच्या खालचा पाइप. हे मी महागात शिकले आहे. वर्कशॉप सुरू करून चारेक वर्षं झाली होती. एक गृहस्थ नेमका असाच वास घेऊन आले. गर्दीचा दिवस, इंजिन गरम. बॉनेट उघडून वरून पाहिलं, सगळं कोरडं. ‘थोडे दिवस लक्ष ठेवा’ म्हणून मी त्यांना पाठवून दिलं. आठव्या दिवशी गाडी दोरीने ओढत परत आली. बॉनेटच्या रंगाला फोड आले होते, डिस्ट्रिब्युटरचं झाकण वितळून एका बाजूला ओघळलं होतं. माणूस वाचला, कारण मागच्या गाडीवाल्याने धूर पाहून हॉर्न वाजवत ठेवला. पंपाच्या तोंडावर क्लिपखाली पाइपचा बोटभर तुकडा जळायचा राहिला होता. तो मी कापून काढला. क्लिपच्या कडेला नखाच्या कोरीएवढी अर्धगोल चीर होती, इंजिनाच्या अंगाला, वरून कधीही न दिसणाऱ्या बाजूला. त्या दिवसापासून माझ्या खिशात दाढीचा छोटा आरसा असतो. प्रत्येक क्लिपच्या मागच्या अंगाला तो धरून बघितल्याशिवाय मी कुठल्याही जोडाला ‘कोरडा’ म्हणत नाही. तुम्हीही आरसा घ्या.

लोखंडी पाइपची गोष्ट वेगळी. तो उघड्यावर सहसा गंजत नाही, गंजतो तो पकडीखाली. चासीला जिथे जिथे पत्र्याची क्लिप आहे तिथे चिखल अडकतो, ओल धरून राहते आणि पाइप आतल्या आत खात जातो. मागच्या एक्सलवरून पाइप जिथे कमानीसारखा वळतो ती जागा सर्वांत वाईट. तिथे हात पोचत नाही, चाकाचं सगळं पाणी मात्र पोचतं. गंज खरवडून बघायचा मोह होतो, तो आवरा. मी स्क्रूड्रायव्हरने एकदा एक पापुद्रा उचलला आणि खालून धार लागली. पाइपला त्या पापुद्र्यानेच धरून ठेवलं होतं. फक्त बोटाने चाचपा. खड्डे लागले, फुगवटा लागला, तर नवा पाइप टाका. गंजका मधला भाग कापून तिथे रबराचा लांब तुकडा बसवायची पद्धत मला मान्य नाही. एक्सलजवळ रबर घासतं, आणि दगड लागला की लोखंडाला पोचा येतो, रबर फाटतं.

एवढं गार असताना. तुमच्या गाडीला इंजिनवर चालणारा पंप असेल, म्हणजे इंजिन फिरल्याशिवाय लाइनमध्ये प्रेशर येत नाही. तेव्हा दुसरी फेरी बाहेर उघड्यावर करा. बॅटरीची तार पुन्हा जोडा, कुणाला तरी इंजिन मिनिटभर चालवायला सांगा, तुम्ही पंखा आणि पट्ट्यापासून हात-बाह्या लांब ठेवून फक्त बघा. इंजिन बंद केल्यावर लगेच आरसा आणि टॉर्च घेऊन पुन्हा एकदा. प्रेशर फारसं नसतं, ०.२ ते ०.५ बारच्या घरात, त्यामुळे धार उडत नाही, जोड नुसता ओला होतो. पंपाच्या पोटाला एक बारीक भोक असतं, तिथून पेट्रोल येत असेल तर आतला डायफ्राम, म्हणजे लवचिक पडदा, फाटला आहे. तसंच ऑइलची डिपस्टिक काढून हुंगा. ऑइलची पातळी आपोआप वाढली असेल आणि पेट्रोलचा वास असेल तर तोच डायफ्राम पेट्रोल ऑइलमध्ये सोडतो आहे. अशा वेळी गाडी चालवू नका, पातळ झालेलं ऑइल बेअरिंगं खाईल.

कुठलाही जोड ओला सापडला की इंजिन बंद आणि गाडी जागेवर. ‘गॅरेजपर्यंत तर नेतो’ हे नको. गॅरेजवाल्याला घरी बोलवा, किंवा गाडी उचलून न्या.

प्रश्न : पेट्रोल पाइपचा एक वीतभर तुकडा चिरला होता. मेकॅनिकने तेवढाच बदलला आणि ‘आतलं पेट्रोल दिसतं, बरं असतं’ म्हणून पारदर्शक नळी टाकली. सहा महिन्यांत ती पिवळी आणि कडक झाली आहे. कुठला पाइप घ्यायचा, आणि बाकीचे तसेच ठेवले तर चालतील का?

पारदर्शक नळी आजच काढा. साध्या प्लास्टिकमधला मऊपणा आणणारा अंश पेट्रोल शोषून घेतं आणि नळी काचेसारखी होते. इंजिनच्या उबेत ती क्लिपपाशी तडकते. पाण्याचा होज, गॅस शेगडीची नळी, व्हॅक्युमची नळी, हेही मी गाड्यांतून काढलेले आहेत. आकार जुळला म्हणजे माल जुळला असं नसतं.

इंधनाच्या पाइपवर त्याची जात छापलेली असते. ‘एसएई जे३०’ आणि त्यापुढे ‘आर६’ किंवा ‘आर७’ असेल तर तो कार्बोरेटरच्या कमी प्रेशरच्या गाडीचा. ‘आर९’ हा इंजेक्शनच्या गाडीचा. त्याच्या आत फ्लुओरोइलॅस्टोमरचं, म्हणजे इंधनाला टिकणाऱ्या खास रबराचं अस्तर असतं. कार्बोरेटरवाल्या गाडीलाही मी आर९च टाकते, दोन कारणांनी. साध्या आर७च्या भिंतीतून पेट्रोलची थोडी वाफ आरपार झिरपते, म्हणजे पाइप कुठेही न चिरता वास येऊ शकतो. आर९मध्ये हे फारच कमी होतं. दुसरं कारण इथेनॉल. जुन्या गाड्यांचं रबर बनलं तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल असं कुणी धरलं नव्हतं. इथेनॉलने ते रबर फुगतं, मऊ पडतं, मग सुकलं की आकसून चिरतं. शिवाय इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं आणि टाकी व लोखंडी पाइप आतून गंजायला लागतात. फ्लुओरोइलॅस्टोमरचं अस्तर इथेनॉलसमोर टिकतं. एक खबरदारी : पाइप टाकीच्या आत, पेट्रोलात बुडालेला राहणार असेल तर आर९ चालत नाही, कारण त्याचं बाहेरचं आवरण सतत भिजत राहण्यासाठी बनलेलं नसतं. तिथे ‘आर१०’ लागतो.

बाकीचे पाइप ठेवायचे का? माझ्या मते नाही. सगळे एका दिवशी बसले, एकाच उबेत शिजले, एकाच पेट्रोलमध्ये भिजले. एक चिरला म्हणजे उरलेले चिरायच्या रांगेत आहेत. सगळे एकदम बदला आणि बदलल्याची तारीख बॉनेटच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. मी स्वतः दर पाच वर्षांनी बदलते, पाइप बाहेरून कसाही दिसो. काढलेला जुना पाइप फेकण्याआधी ब्लेडने लांबीला चिरून आत बघा. बाहेरून ठणठणीत दिसणाऱ्या पाइपचं अस्तर आत पापुद्र्यासारखं सुटून लोंबताना मी कित्येकदा पाहिलं आहे. चढावर गाडी दम तोडते, फिल्टर बदला, कार्बोरेटर उघडा, फरक नाही, आणि दोष त्या लोंबत्या जिभेचा असतो. पेट्रोल खेचलं की ती वाट अडवते.

बसवताना पाइप ब्लेडने काटकोनात कापा, पक्कडीने चिरडू नका. लोखंडी नळीच्या तोंडाला गोल उंचवटा असतो, क्लिप त्याच्या आतल्या अंगाला यायला हवी, उंचवट्यावर नव्हे. स्क्रूने आवळायच्या ज्या क्लिपच्या पट्टीला आरपार खाचा असतात, त्या खाचा रबरात रुततात आणि जास्त आवळली की पाइप कापतात. वर सांगितलेली अर्धगोल चीर तशीच पडली होती. पट्टी आतून गुळगुळीत आणि कडा बाहेर वळलेल्या असतील अशी क्लिप मागा. आवळायची ती रबर किंचित फुगेपर्यंत, त्यापुढे नाही. जोड गळतो म्हणून दर महिन्याला क्लिप आणखी आवळणारे लोक असतात. कडक झालेलं रबर आवळून मऊ होत नाही.

पाइप सायलेन्सर आणि मॅनिफोल्ड (इंजिनचा धूर बाहेर नेणारा तापलेला भाग) यांच्यापासून लांब न्या, कुठेही घासत असेल तर तिथे रबराचं वेष्टण घाला, आणि इंजिन हलतं तेवढी ढील ठेवा. इनलाइन फिल्टरवरचा बाण इंजिनकडे.

प्रश्न : माझी डिझेल गाडी २४ वर्षांची आहे. रात्रभर उभी राहिली की सकाळी खूप वेळ स्टार्टर मारावा लागतो. हँड पंप मारला की लगेच सुरू होते. बॅटरी, ग्लो प्लग नवे आहेत. कुठेही डिझेल गळत नाही. मग दोष कशात?

गळतीच आहे, फक्त उलट्या दिशेची. तुमच्या गाडीत पंप इंजिनपाशी आहे, तो टाकीतून डिझेल ओढतो. टाकी ते पंप या अख्ख्या लाइनमध्ये प्रेशर नसून ओढ असते. तिथे बारीक चीर पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. रात्री त्या चिरेतून हवा शिरते आणि लाइनमधलं डिझेल उताराने टाकीत परत जातं. सकाळी पंप नुसती हवा ओढत बसतो. हँड पंपाने तुम्ही लाइन पुन्हा भरता म्हणून गाडी सुरू होते.

खात्री करायची तर एक रात्र गाडी तोंड उताराकडे करून, म्हणजे टाकी वर आणि इंजिन खाली अशी उभी करा. सकाळी एका झटक्यात सुरू झाली तर निदान झालं. मग इंजेक्शन पंपाच्या आधी हातभर पारदर्शक नळी तात्पुरती लावा आणि इंजिन चालू करून बुडबुडे बघा. इथे पारदर्शक नळीला माझी हरकत नाही, कारण ती तपासून झाली की काढायची आहे. बुडबुडे दिसले तर तीच नळी एकेक जोड मागे सरकवत न्या. जिथे बुडबुडे थांबले, त्या जागेच्या पुढे, म्हणजे इंजिनच्या बाजूला दोष आहे. मला बहुतेकदा तो फिल्टरच्या डोक्यावरच्या रबरी रिंगमध्ये किंवा बँजो बोल्टच्या, म्हणजे ज्याच्या पोटातून डिझेल जातं त्या पोकळ बोल्टच्या, तांब्याच्या वॉशरमध्ये सापडला आहे. जोड उघडला की वॉशर नवे टाका. एकदा दबलेला वॉशर पुन्हा नीट बसत नाही.

डिझेलचा आणखी एक प्रश्न तुम्ही विचारला नाही, तरी सांगते. नोजलकडे जाणाऱ्या लोखंडी पाइपांवर इंजिन चालू असताना बोट फिरवून गळती चाचपू नका. जुन्या मेकॅनिकल पंपातही तिथे शेकडो बारचं प्रेशर असू शकतं, नंतरच्या कॉमन रेल पद्धतीच्या डिझेल गाड्यांत तर ते हजार-दीड हजार बारच्या पुढे जातं. अदृश्य अशी बारीक धार कातडीतून थेट आत शिरते. बाहेर सुई टोचल्याएवढी खूण दिसते, फारसं दुखतही नाही, आणि आत बोट सडायला लागतं. असं झालं तर दुखायची वाट न बघता, त्याच तासात शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जायचं आणि ‘प्रेशरचं डिझेल आत गेलं आहे’ असं स्पष्ट सांगायचं. तपासायला लांब पुठ्ठा धरा, धार असेल तर पुठ्ठा ओला होतो किंवा त्याला भोक पडतं.

प्रश्न : २००३ सालची इंजेक्शनवाली गाडी. टाकी काठोकाठ भरली की दोन दिवस मागच्या सीटजवळ वास येतो, अर्ध्यावर आली की थांबतो. हे दुर्लक्ष करण्यासारखे आहे का?

दुर्लक्ष करण्यासारखं नाही, पण शोधायला सोपं आहे. अर्ध्या टाकीला जो दोष गप्प बसतो, तो टाकीच्या वरच्या भागातच असणार. मागची सीट उचला, खाली पत्र्याचं झाकण असेल. ते काढलं की पंपाच्या युनिटची मोठी रिंग दिसते. टाकी भरल्याच्या दिवशीच बघा. रिंगभोवतीची धूळ ओली असेल तर खालचं सील फुगलेलं किंवा चिरलेलं आहे. ते कोरडं असेल तर टाकी भरायच्या तोंडाचा रबरी पाइप आणि त्याच्या शेजारचा हवेचा पाइप बघा. त्यांच्या चिरा नेहमी वरच्या वळणावर असतात.

इंजेक्शनच्या लाइनमध्ये ३ ते ४ बार प्रेशर असतं आणि इंजिन बंद केल्यावरही ते बराच वेळ टिकतं. त्यामुळे कुठलाही जोड थेट उघडू नका. आधी पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा, इंजिन सुरू करून ते आपोआप बंद पडू द्या, मग बॅटरीची तार काढा आणि जोडावर जाड फडकं धरून हळू सोडा. नवा जोड बसवल्यावर इंजिन न चालवता फक्त चावी दोन-तीनदा ‘ऑन’ करा. बहुतेक गाड्यांत पंप दर वेळी दोनेक सेकंद फिरून लाइन भरतो आणि इंजिन गार असतानाच जोड बघता येतो.

प्रेशर रेग्युलेटर इंजिनवर असेल तर त्याची व्हॅक्युमची बारीक नळी काढून हुंगा. आत पेट्रोल असेल तर रेग्युलेटरचा डायफ्राम फाटला आहे. बाहेर कधीच न दिसणारी गळती ती हीच.

प्रश्न : मोटारसायकल चार महिने उभी होती. कॉक बंद होता. आता ऑइलची पातळी वाढलेली दिसते. चालू करून बघू का?

मुळीच नको. कॉकचं, म्हणजे टाकीखालच्या पेट्रोलच्या तोटीचं आतलं रबर सुकलं आहे आणि कार्बोरेटरची फ्लोट नीडलही (वाटी भरली की पेट्रोल अडवणारी सुई) धरत नाही, म्हणून पेट्रोल इंजिनात उतरलं. किक मारून बघायचीही नाही, सिलिंडर पेट्रोलने भरला असेल तर कनेक्टिंग रॉड वाकेल. प्लग काढा, आतलं पेट्रोल उडू द्या, ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला, कॉकचे सील आणि नीडल नवे टाका. कॉक ते कार्बोरेटर पाइपही याच वेळी. पुढच्या वेळी इतके दिवस ठेवणार असाल तर कॉक बंद करून कार्बोरेटरची वाटी खालच्या स्क्रूने रिकामी करा.

प्रश्न : प्रवासात टाकीच्या शिवणीतून पेट्रोल ठिबकायला लागले. एका ट्रक ड्रायव्हरने तिथे अंगाच्या साबणाची वडी घासली आणि ठिबकणे थांबले. आता गावातला वेल्डर म्हणतो, टाकी रिकामी करून आणा, टाका मारून देतो. देऊ का?

ड्रायव्हरदादांनी योग्य केलं. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, तो चिरेत घट्ट बसतो. पण पाणी लागलं की जातो, म्हणून तो घरी पोचण्यापुरता, रोज घासत राहण्याचा उपाय नाही.

वेल्डरकडे टाकी देऊ नका, आणि त्यालाही कृपा करून हे वाचून दाखवा. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा जास्त घातक असते. भरलेल्या टाकीत हवाच नसते. रिकाम्या टाकीत हवा आणि वाफ नेमक्या पेटणाऱ्या प्रमाणात मिसळलेली असतात, आणि शिवणीच्या घडीत, गंजाच्या पापुद्र्याखाली राहिलेलं चमचाभर पेट्रोल टाकी तापली की पुन्हा वाफ सोडतं. पाण्याने दोनदा विसळली, आठवडाभर उन्हात ठेवली, एवढ्याने ती निर्धोक होत नाही. हे काम टाक्यांचंच काम करणाऱ्याने, आत वाफेचा अंश नाही हे मोजून करायचं असतं. २०-२५ वर्षांच्या टाकीची शिवण गंजून सुटली असेल तर पत्रा आतून सगळीकडेच पातळ झालेला असतो, एका जागी टाका मारला की शेजारी सुटतो. नवी किंवा चांगली वापरलेली टाकी शोधा.

पेट्रोल काढताना नळी तोंडाने ओढू नका, ते फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. हाताने दाबायचा सायफन पंप वापरा, उघड्यावर, धातूच्या झाकणबंद डब्यात, आणि डबा जमिनीवर ठेवूनच भरा. टाकी उतरवलीच आहे तर तिच्या तोंडाचे रबरी पाइप, काट्याच्या युनिटचं सील आणि बाहेर पडायच्या जोडाची क्लिप हे सगळं नवं घाला. टाकी चढवण्याआधी तिच्या पट्ट्यांखालच्या रबराच्या गाद्या बघा. त्या झिजून पट्टीचं लोखंड पत्र्याला घासत असेल, तर तुमची शिवण तिथूनच सुटायला लागली असेल.